‘सावर’ म्हणण्याआधी

‘सावर आता स्वतःला.’ ‘खंबीर राहा.’ ‘तुम्ही फार धीराच्या आहात.’ ‘यातूनही उभे राहाल बघा.’ मयताच्या घरी, पूर ओसरलेल्या गल्लीत, नोकरी गेलेल्या मित्राशी फोनवर बोलताना ही वाक्यं आपण आलटून पालटून वापरतो. बोलणाऱ्याच्या मनात खोट नसते. तरीही ऐकणाऱ्याला त्यातलं एखादं आधाराचं वाटतं, एखादं हुकमासारखं लागतं, आणि एखाद्यानं तो आतल्या आत चिडतो. चिडण्याचं कारण त्यालाही चटकन सांगता येत नाही. समोरचा आपल्या भल्याचंच बोलतोय हे त्याला कळत असतं.

संकटातून बाहेर येण्यासाठी मराठीत शब्दांची कमी नाही. कमी आहे ती ते पारखून वापरण्याच्या सवयीची. कोणता शब्द कुणासाठी, केव्हा आणि कुणाच्या तोंडून यावा, याचा थोडा विचार केला तर बोलणं बदलतं आणि बोलण्यापाठोपाठ मदतही बदलते.

शब्दागणिक अर्थ वेगळा

‘तग धरणं’ म्हणजे टिकून राहणं, इतकंच. माणूस कोसळला नाही एवढंच त्यातून कळतं. तो बरा आहे असं त्यातून निघत नाही. ‘चिवट’ माणूस हट्टानं सोडत नाही. ‘खंबीर’ हा शब्द बाहेरून दिसणाऱ्या रूपाबद्दल बोलतो. आत काय चाललंय ते त्याला ठाऊक नसतं, आणि एकदा कुणाला खंबीर म्हटलं की त्याला चारचौघांत रडण्याची चोरी होते. ‘सोशिक’ तर फारच जपून वापरावा असा शब्द. तो बहुतेक वेळा बायकांच्या वाट्याला येतो, त्यात कौतुक असतं, आणि त्या कौतुकाखाली ‘आणखी सोसलंस तरी चालेल’ असा निरोपही दडलेला असतो. जे सोसावं लागतंय ते मुळात का सोसावं लागतंय, हा प्रश्न तो शब्द विचारूच देत नाही.

‘उभारी’ येते किंवा दिली जाते. ‘उभारी धर’ असं म्हणता येतं, पण नुसत्या म्हणण्यानं कुणाला उभारी आलेली नाही. तिच्यासाठी काहीतरी घडावं लागतं: कर्जाचा हप्ता पुढे ढकलला जातो, मुलाचा शाळेतला प्रवेश पक्का होतो, बंद पडलेली पिठाची गिरणी पुन्हा सुरू होते.

या सगळ्यांत ‘सावरणं’ सर्वांत उपयोगी, कारण ते दोन्हीकडून चालतं. ‘ती सावरली’ असं आपण म्हणतो आणि ‘भावानं तिला सावरलं’ असंही म्हणतो. तोल आपला आपण सावरतो आणि पडणाऱ्याला दुसराही सावरतो. आज्ञार्थात मात्र आपण अर्धंच व्याकरण वापरतो. ‘सावर स्वतःला’ असं म्हणताना सगळं काम समोरच्यावर सोपवलेलं असतं आणि आपण हात मागे घेतलेला असतो. या लेखातला पहिला आणि मुख्य नियम यातूनच निघतो: ‘सावर’ हे तोंडावर आलं की आधी मनात ‘मी याला कशात सावरणार?’ असं विचारावं. उत्तर सापडलं तर ते सांगावं. नाही सापडलं तर गप्प बसून सोबत करावी.

शास्त्रात हा शब्द कुठून कुठे आला

प्रशिक्षणांत आणि अहवालांत आता ‘रिझिलियन्स’ सर्रास भेटतो. मराठीत त्याचं ‘लवचिकता’ करतात. अभियांत्रिकीत हा जुना शब्द आहे. पोलादाच्या पट्टीवर ताण दिला, ती वाकली आणि ताण काढल्यावर पूर्ववत झाली, तर तिनं तो ताण झेलला असं मानतात. पण अभियंता त्याबरोबर मर्यादाही नोंदवतो. त्या मर्यादेपलीकडे ताण गेला की धातू कायमचा वाकतो, आणि दोष ताणाला दिला जातो, पोलादाच्या जिद्दीला नाही. माणसांसाठी आपण शब्द उचलला आणि मर्यादेचा तक्ता तिथेच ठेवून आलो.

१९७३ साली सी. एस. हॉलिंग या कॅनडातल्या परिसरशास्त्रज्ञानं हा शब्द जंगलं आणि तळी यांच्यासाठी वापरला. धक्का पचवून, बदलूनसुद्धा आपली मूळ नाती टिकवून धरण्याची ताकद असा त्याचा अर्थ होता. इथे हुबेहूब पूर्ववत होण्याची अट सुटली. माणसांना हाच अर्थ जास्त लागू पडतो. नवरा गेलेली बाई, हात गमावलेला कामगार, गाव बुडालेला शेतकरी पूर्वीसारखा होत नाही. तो वेगळा होऊन जगतो. म्हणून ‘पूर्वीसारखी हो बघू’ हे मायेनं म्हटलेलं वाक्यसुद्धा अशक्य गोष्ट मागतं.

मानसशास्त्रात या विषयातला सर्वांत नावाजलेला अभ्यास हवाईतल्या कवाई बेटावरचा. १९५५ साली तिथे जन्मलेल्या ६९८ मुलांचा माग एमी वर्नर, रूथ स्मिथ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी चाळिशीपर्यंत काढला. त्यातली जवळजवळ एक तृतीयांश मुलं गरिबी, घरातली भांडणं, आईवडिलांचं आजारपण किंवा दारू अशा परिस्थितीत वाढत होती. त्यांच्यापैकी साधारण तिसरा हिस्सा मुलं सक्षम, आत्मविश्वासू, इतरांची काळजी घेणारी माणसं झाली. आकडा उलटा वाचला तर दोन तृतीयांश मुलांना त्या परिस्थितीचा फटका बसला होता. तेव्हा ‘हालअपेष्टांनीच माणूस घडतो’ या आवडत्या वाक्याला इथे आधार मिळत नाही. सावरलेल्या मुलांच्या आयुष्यात बहुधा एखादं भक्कम मोठं माणूस होतं. ते आईबापच असावेत असं नव्हतं. आजी, थोरली बहीण, शेजारीण, शिक्षक, कुणीही चाललं. शिवाय किशोरवयात घसरलेल्या मुलांपैकी अनेक जण पुढे तिशी-चाळिशीत रुळावर आले. कुणाला पुन्हा शिकायला मिळालं, कुणाला समंजस जोडीदार मिळाला, कुणाला स्थिर नोकरी. दुसरी संधी दारात आली आणि त्यांनी ती घेतली.

१९७०च्या दशकात काही अभ्यासक अशा मुलांना ‘अभेद्य’ म्हणत. हळूहळू तो शब्द मागे पडला, कारण अभेद्य कुणीच नव्हतं. २००१ साली अमेरिकन मानसशास्त्रज्ञ ॲन मास्टन यांनी या संशोधनाचा आढावा घेतला आणि त्याला ‘साधीसुधी जादू’ अशा अर्थाचं नाव दिलं. सावरण्यामागे दुर्मीळ गुण नसतो. घर, शाळा, माया, रोजचं वेळापत्रक अशा साध्या व्यवस्था चालू असल्या तर बहुतेक माणसं सावरतात, असा त्याचा सारांश. हे ध्यानात ठेवलं की कुणी सावरत नसेल तर त्याच्या स्वभावाकडे बोट दाखवण्याआधी आपण त्याच्याभोवतीची कुठली व्यवस्था तुटली आहे ते पाहू लागतो.

किल्लारीनं शिकवलेलं

३० सप्टेंबर १९९३ची पहाट. आदल्या दिवशी गणपती विसर्जन झालं होतं, गावं झोपेत होती. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यांतल्या किल्लारीच्या भूकंपात सुमारे दहा हजार माणसं गेली. जाड दगडमातीच्या भिंती आणि वर मातीचं जड माळवद यांखाली बहुतेकांचा जीव गेला. पुढे जागतिक बँकेच्या साह्यानं मोठा पुनर्वसन कार्यक्रम झाला. सर्वाधिक पडझड झालेली ५२ गावं नव्या जागी वसवली गेली आणि दोन लाखांच्या आसपास घरांची दुरुस्ती व मजबुतीकरण जुन्या जागीच करायचं ठरलं.

घरं उभी राहिली म्हणजे माणसं उभी राहिली, असं तेव्हा बाहेरच्या अनेकांना वाटलं. नव्या गावांतले रस्ते रुंद आणि सरळ रेषेत होते. पण जुनी गल्ली, भावकीची दारं, बायकांच्या बसण्याउठण्याच्या जागा आखणीत हरवल्या. घराचं क्षेत्रफळ जमिनीच्या मालकीवरून ठरलं, त्यामुळे शेजारीपाजारीही बदलले. उकाड्यासाठी, गुरांसाठी, चुलीसाठी लोकांनी पुढे आपापल्या सोयीचे पत्रे आणि छपरं जोडली. ते जोडकाम हेसुद्धा सावरणंच होतं, फक्त ते कोणत्याही अहवालाच्या मुखपृष्ठावर आलं नाही.

दुरुस्तीच्या गावांत आणखी एक गोष्ट घडली. ‘स्वयम शिक्षण प्रयोग’ या संस्थेनं शेकडो गावांत स्थानिक बायकांना ‘संवाद सहायक’ म्हणून उभं केलं. अनुदानाचा हप्ता कधी मिळतो, सिमेंट कुठे आलंय, भिंतीला आडवे बांध कसे घालायचे हे त्या घरोघरी समजावून सांगत. ज्यांना ‘बिचाऱ्या’ म्हटलं जात होतं त्यांच्या हाती माहिती आणि काम आलं. २००१च्या कच्छ भूकंपानंतर याच भागातल्या बायका गुजरातमधल्या बायकांशी बोलायला गेल्या. दिलासा देणाऱ्या वक्त्यापेक्षा त्यांचं ऐकलं गेलं असणार, कारण त्या ढिगाऱ्यातून वर आलेल्या होत्या आणि त्यांच्याकडे सांगण्यासारखी हिशोबाची, बांधकामाची, कचेरीची ठोस माहिती होती. संकटातून गेलेल्या माणसाला ‘तुला काय काय माहीत झालं ते सांग’ असं म्हणणं हे त्याच्या धैर्याच्या स्तुतीपेक्षा मोठं मानाचं असतं.

कौतुक कुणाच्या सोयीचं?

२६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. पुढच्याच वर्षी ११ जुलैला पश्चिम रेल्वेच्या लोकलमध्ये अकरा मिनिटांत सात स्फोट झाले, सुमारे दोनशे माणसं मेली, आणि काही तासांत गाड्या पुन्हा धावू लागल्या. दोन्ही वेळा ‘मुंबईचं स्पिरिट’ हा शब्दप्रयोग गाजला. अनोळखी माणसांना घरात घेणारे, चहा-बिस्किटं वाटणारे, जखमींना चादरीत घालून नेणारे लोक खरेच होते, आणि त्यांचं कौतुक योग्यच होतं. पण दुसऱ्या दिवशी लोक कामावर गेले ते रोजंदारी बुडू नये म्हणूनही गेले, ही गोष्ट त्या कौतुकात बसली नाही. शहरातल्या पर्जन्यवाहिन्या तासाला जेमतेम २५ मिलिमीटर पाण्यासाठी बांधलेल्या होत्या. ती क्षमता दुप्पट करण्याचा ‘ब्रिमस्टोवॅड’ अहवाल १९९३ सालीच तयार झाला होता आणि महापूर येईपर्यंत बहुतांशी पडूनच होता. स्पिरिटचा जयजयकार जितका मोठा, तितका त्या अहवालाबद्दलचा प्रश्न हळू आवाजात विचारला गेला. पुढे मुंबईकरच या शब्दाला वैतागले, त्याचं कारण हेच.

याउलट चिपळूण. २२ जुलै २०२१च्या पुरात बाजारपेठ बुडाली. व्यापाऱ्यांनी चिखल उपसला, दुकानं धुतली, माल फेकला आणि गणपतीच्या तोंडावर पुन्हा दारं उघडली. पण त्याच वर्षीच्या डिसेंबरात वाशिष्ठी आणि शिव नद्यांमधला गाळ काढावा म्हणून शहरानं साखळी उपोषण केलं. फावडं हातात घेणं आणि उपोषणाला बसणं या एकाच सावरण्याच्या दोन बाजू आहेत. संकटग्रस्त माणूस तक्रार करतो, भरपाई मागतो, जाब विचारतो, तेव्हा ‘किती रडगाणं गातोस, पुढे बघ’ असं त्याला म्हणू नये. तो पुढेच बघत असतो.

इथून दुसरा नियम मिळतो. सावरण्याची स्तुती करताना त्याच दमात कारणाचं नावही घ्यावं. कारण सांगायची आपली तयारी नसेल तर स्तुतीही बाजूला ठेवावी.

मयताच्या घरी

आपल्याकडच्या जुन्या रीतींत सावरण्याची व्यवस्था गुंफलेली आहे. सुतकात चूल पेटत नाही, शेजारी-नातेवाईक पिठलं-भाकरी आणतात; काही भागांत त्या पहिल्या जेवणाला कडू घास म्हणतात. पहिल्या दिवाळीला त्या घरात तळण होत नाही, म्हणून फराळ बाहेरून येतो. या रीतींमध्ये कुणी ‘खंबीर राहा’ म्हणत नाही. ताट पुढे सरकवतात. अडचण अशी की ही व्यवस्था तेराव्यापर्यंत दाट असते आणि चौदाव्या दिवसापासून विरळ होते. कागदपत्रं, पैसे, रिकामं घर आणि रात्री हे सगळं खऱ्या अर्थानं त्यानंतरच सुरू होतं. म्हणून जमल्यास आपली भेट किंवा फोन दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यासाठी राखून ठेवावा.

काय बोलावं? ‘काही लागलं तर सांग’ हे वाक्य चांगलं, पण त्यात मागण्याचं काम दुःखी माणसाकडेच राहतं. त्याऐवजी नेमकं सांगावं: ‘बुधवारी मी मोकळी आहे, बँकेत तुझ्यासोबत येते.’ ‘मुलांना शाळेत सोडायचं महिनाभर माझ्याकडे.’ मृत्यूच्या दाखल्याच्या जास्त प्रती काढणं, तलाठ्याकडे वारस नोंदीचा अर्ज देणं, रेशन कार्ड आणि गॅस जोडणीवरचं नाव बदलणं, ही कामं कुणी सोबत असलं की निम्मी हलकी होतात. गेलेल्या माणसाचं बँक पासबुक जरूर तपासावं. मे-जूनच्या सुमारास ४३६ किंवा २० रुपये कापल्याची नोंद दिसली तर अनुक्रमे पंतप्रधान जीवनज्योती किंवा सुरक्षा विमा असू शकतो. दोन्हींत दोन लाख रुपयांचं संरक्षण असतं. सुरक्षा विमा मात्र अपघातासाठीच. अनेक घरांना असा विमा आहे हेच माहीत नसतं. बँकेत लगेच चौकशी करावी, कारण दावा वेळेत करावा लागतो.

काय बोलू नये? ‘सुटला बिचारा’ हे जवळच्या माणसानं स्वतः म्हटलं तर मान हलवावी, आपण पहिल्यांदा म्हणू नये. ‘मुलांकडे बघ’ हे त्या बाईला कुणी न सांगताही कळतं. ‘हिच्या डोळ्यांत पाणीसुद्धा नाही’ अशी कुजबुज तर कधीच नको. शोकावर संशोधन करणारे जॉर्ज बोनॅनो यांच्या अभ्यासांत दिसलं की जवळचं माणूस गेल्यानंतर अनेक जण दैनंदिन व्यवहार बऱ्यापैकी चालू ठेवतात, आणि त्याचा अर्थ त्यांचं प्रेम कमी होतं असा नसतो. काहींना वर्ष-दोन वर्षं लागतात, तेही दुबळे नसतात. न रडणाऱ्याला आणि वर्षभर रडणाऱ्याला आपण एकाच मापानं मोजायचं थांबवलं तरी पुष्कळ झालं.

आपत्तीनंतर

पूर, दरड, आग यांनंतरच्या पहिल्या दिवसांत जागतिक आरोग्य संघटनेच्या २०११च्या मार्गदर्शिकेनं सांगितलेली तीन कामं लक्षात ठेवण्यासारखी आहेत: पाहा, ऐका, जोडून द्या. पाहायचं ते सुरक्षितता आणि तातडीच्या गरजा. ऐकायचं ते माणूस बोलेल तेवढंच. ‘नेमकं काय झालं ते सांगा’ म्हणून खोदून विचारायचं नाही. जोडून द्यायचं ते नातेवाईक, दवाखाना, निवारा आणि सरकारी मदत यांच्याशी. ‘जीव वाचला हे काय कमी आहे’ हे वाक्य इथे टाळावं. ज्याचं घर गेलं त्याला घराचंही दुःख करू द्यावं.

‘सावरा’ म्हणण्याऐवजी ‘पंचनामा झाला का?’ असं विचारणं कितीतरी उपयोगी. साफसफाईच्या घाईत नुकसानीचे फोटो राहून जातात. भिंतीवरची पाण्याची रेघ, भिजलेलं धान्य, मेलेलं जनावर, तुटलेलं यंत्र यांचे फोटो आधी काढावेत, मग झाडू हातात घ्यावा. आधार कार्ड, सातबारा, दुकानाचा परवाना यांच्या प्रती पुन्हा मिळवायला मदत करावी.

मुलांशी

बाप गेलेल्या बारा वर्षांच्या मुलाच्या खांद्यावर हात ठेवून ‘आता तूच घरातला कर्ता पुरुष’ म्हणणारा नातेवाईक प्रत्येक घरात निघतो. हे वाक्य मुलाला उभारी देत नाही, त्याचं लहानपण काढून घेतं. ‘आईला त्रास देऊ नकोस, तिच्यासमोर रडू नकोस’ हेही तसंच. मुलाला खरं आणि साधं सांगावं: बाबा वारले, ते परत येणार नाहीत, त्यात तुझी काही चूक नाही, आणि तुझ्याजवळ अमुक माणूस राहणार आहे. ‘झोपलेत’ किंवा ‘लांब गेलेत’ असं सांगितलेलं लहान मूल झोपेलाच घाबरू लागतं किंवा वाट पाहत बसतं. शाळा, जेवणाची वेळ, झोपायची जागा शक्य तितकी तीच ठेवावी. कवाईच्या मुलांना जे भक्कम माणूस सापडलं होतं ते आपल्यापैकी कुणालाही होता येईल. मामा, काकू, वर्गशिक्षिका, वरच्या मजल्यावरचे आजोबा. मात्र एकदा होतो म्हटलं की महिन्याभरात गायब होऊ नये.

कामाच्या ठिकाणी

कंपन्या आणि कचेऱ्या ‘रिझिलियन्स’वर कार्यशाळा भरवतात. श्वसनाचे व्यायाम, विचार बदलण्याच्या युक्त्या, यात वाईट काही नाही. पण तीन माणसांचं काम एकट्याकडून करून घेताना त्याला लवचिकता शिकवायची, हे पोलादाला दोष देण्यासारखं झालं. विभागप्रमुखानं आधी कामाचा बोजा, सुट्ट्या आणि रात्रीचे फोन तपासावेत. दुःखानंतर कामावर परतलेल्या सहकाऱ्याला ‘कामात मन रमव’ म्हणण्यापेक्षा ‘पहिले दोन आठवडे कोणतं काम तुझ्याकडून काढून घेऊ?’ असं विचारावं. काहींना काम कमी नको असतं, उलट हवंच असतं. विचारल्याशिवाय ते कळत नाही.

बातमी, भाषण, मजकूर लिहिताना

‘जिद्दीनं संकटावर मात’ हे शीर्षक लिहून मोकळं होण्याआधी काही गोष्टी तपासाव्यात. मात झाली असं ते माणूस स्वतः म्हणतंय का? की आपण परस्पर ठरवलंय? आपत्तीनंतर आठच दिवसांत ‘गाव पुन्हा उभं राहिलं’ असं लिहिलं असेल तर किती घरांवर छप्पर आलं, नळाला पाणी आलं का, शाळा कुठे भरते, हे त्याच परिच्छेदात द्यावं. नसेल माहीत तर ‘गाव साफसफाईला लागलं’ एवढंच लिहावं; ते खरं असतं. वाक्याला कर्ता ठेवावा. ‘पुनर्वसन रखडलं’ याऐवजी कोणी, कोणतं काम, किती काळ केलं नाही ते लिहावं. आणि एकट्या सावरलेल्या माणसाची गोष्ट सांगताना त्याला सावरणारे हातही नावानिशी सांगावेत. दहावीला चांगले गुण मिळवणाऱ्या अनाथ मुलीच्या बातमीत तिला फुकट शिकवणारी शिक्षिका आणि वसतिगृहाचा स्वयंपाकी असलाच पाहिजे. नाहीतर पुढची वाचक मुलगी स्वतःत जिद्द कमी पडली असं समजून बसते.

स्वतःशी बोलताना

स्वतःसाठी हा शब्द वापरताना काळ सैल ठेवावा. ‘मी सावरलो’ अशी घोषणा करायची गरज नसते, ‘सावरतोय’ पुरतं. चांगले चार दिवस गेल्यावर एखादा सण, वर्षश्राद्ध किंवा नुसता एखादा वास माणसाला पुन्हा खाली आणतो. त्यानं आधीचं सगळं वाया गेलं असं नसतं. लोक विचारतात ‘कसा आहेस?’ तेव्हा ‘ठीक’ या उत्तराबरोबर दोन-तीन माणसांसाठी तरी खरं उत्तर राखून ठेवावं. आणि मदत मागताना ती छोटी व नेमकी मागावी. ‘मला एकटं वाटतंय’ यापेक्षा ‘संध्याकाळी फिरायला येशील का’ याला होकार लवकर मिळतो.

शब्द अपुरे पडतात तेव्हा

आठवडेच्या आठवडे झोप किंवा जेवण नाही, अंघोळ-कामसुद्धा होत नाही, दारू वाढली आहे, ‘मी नसतो तर बरं झालं असतं’ अशी भाषा येते, वस्तू वाटून टाकल्या जाताहेत, अशा वेळी धीराचे शब्द बाजूला ठेवावेत. ‘तुझ्या मनात जीव द्यायचे विचार येतात का?’ असं सरळ विचारावं. विचारल्यानं तो विचार डोक्यात शिरतो ही भीती चुकीची आहे. उलट बोलायला वाट मिळते. उत्तर हो असेल तर त्याला एकटं सोडू नये, कीटकनाशक, गोळ्या, दोर अशा गोष्टी आवाक्याबाहेर ठेवाव्यात आणि डॉक्टरकडे न्यावं. ऑक्टोबर २०२२पासून सुरू असलेल्या ‘टेली-मानस’ या सरकारी सेवेचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास मोफत आहे, मराठीतही बोलता येतं. काळजी घेणाऱ्या नातेवाइकांनाही तिथे विचारता येतं.

हे सगळं लक्षात ठेवायला कठीण वाटलं तर पुढच्या वेळी कुणाला ‘सावर’ म्हणायच्या आधी तीन प्रश्न पुरेत. हे दुःख येण्याचं कारण अजून तिथेच असेल तर मी त्याविरुद्ध बोलणार आहे का? या माणसाला आज नेमकी कशाची गरज आहे, हे मी त्याला विचारलं का? आणि दोन महिन्यांनी मी त्याच्याकडे पुन्हा येणार आहे का? तिन्हींचं उत्तर हो असेल तर ‘सावर’ हा शब्द बिनधास्त वापरावा. तो ऐकणाऱ्याला हुकूम वाटणार नाही. एखाद्याचं उत्तर नाही असेल तर तो शब्द गिळावा आणि त्या प्रश्नाच्या कामाला लागावं.